लिट्टे आधी कुणाशी लढली? श्रीलंकेतल्या यादवीबद्दल थोडं (की बरंच)

सह्यकडा

बरेच दिवस मनात होतं हे लिहायचं. मागे दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी म्हणालं होतं की यादवी म्हणजे एकीकडे सरकार आणि दुसरीकडे बंडखोर, आणि तेव्हाच मला वाटलं की नाही, असं चित्र फार क्वचित असतं. बहुतेक ठिकाणी बंडखोरांचे पाच-सात गट असतात आणि त्यांचं आपापसात काय चाललंय यावर पुढचं अख्खं युद्ध ठरतं. श्रीलंका आपल्या शेजारची, म्हणून तिचंच उदाहरण घेतो.

आपल्याकडे बहुतेकांना फक्त लिट्टे ही तमिळ बंडखोर संघटना माहीत आहे. तिचा नेता प्रभाकरन, वाघाचा झेंडा, गळ्यातली सायनाइडची कुपी आणि राजीव गांधींची हत्या. पण १९८३-८४ च्या सुमाराला उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्यात लहानमोठे धरून तीसच्या वर गट होते. तिथले लोक त्यांना 'इयक्कम' म्हणायचे, म्हणजे चळवळ. त्यातले पाच मोठे (कंसात त्यांचे नेते). लिट्टे, टेलो (श्री सबारत्नम), प्लोट (उमा महेश्वरन), ईपीआरएलएफ (पद्मनाभा) आणि इरोस. मागणी सगळ्यांची एकच, वेगळं तमिळ ईलम, म्हणजे तमिळांचं स्वतंत्र राज्य. उमा महेश्वरन तर आधी लिट्टेतच होता, प्रभाकरनशी बिनसलं आणि बाहेर पडला, मग मे १९८२ मध्ये चेन्नईत पाँडी बझारला भर रस्त्यात दोघांची गोळीबारी झाली. पोलिसांनी पकडलं, पुढे दोघेही जामिनावर सुटले. म्हणजे यादवी पेटायच्या एक वर्ष आधीच या दोघांनी एकमेकांवर पिस्तुलं रोखली होती.

एप्रिल १९८५ मध्ये चार गटांची आघाडी झाली, ईएनएलएफ. त्याच वर्षी भारताच्या मध्यस्थीने थिंफूला बोलणी झाली, तिथे सगळे गट एका टेबलाला बसले. आणि मग एप्रिल-मे १९८६. लिट्टेने टेलोवर हल्ला चढवला. टेलो तेव्हा मोठा गट, भारताचा हात डोक्यावर असलेला, तरी आठवडाभरात संपला. शंभराच्या वर पोरं मारली, काहींना रस्त्याच्या चौकात जाळलं, लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं की टेलो आता बंद. ६ मे ला खुद्द सबारत्नमला मारलं. हे सगळं जाफन्याच्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं आणि कुणाची बोलायची हिंमत झाली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी ईपीआरएलएफचा नंबर लागला.

माझं म्हणणं असं आहे की श्रीलंकेचं युद्ध २००९ मध्ये जसं संपलं त्याची सुरुवात इथे आहे. लिट्टे 'तमिळांची एकमेव प्रतिनिधी' झाली ती मतांनी नाही, बाकीचे संपवून झाली, आणि मग त्या एका संघटनेची प्रत्येक चूक अख्ख्या समाजाच्या नावावर चढत गेली कारण दुसरं कुणी उरलंच नव्हतं जे म्हणेल की थांबा, आमचं मत वेगळं आहे.

तुम्हाला काय वाटतं? कुणी तिकडे राहिलंय, गेलंय, घरातलं कुणी शांतिसेनेत (१९८७ ला तिकडे गेलेली भारतीय फौज) होतं, तर नक्की लिहा.

पारिजात_८२

चांगला धागा सह्यकडा, पण सुरुवातच १९८२ पासून केलीत हे मला पटलं नाही. बंडखोर आकाशातून पडत नाहीत. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या चहामळ्यातल्या लाखो तमिळ मजुरांचं नागरिकत्व काढून घेतलं. १९५६ मध्ये सिंहला ओन्ली कायदा (राजभाषा फक्त सिंहली), म्हणजे सरकारी नोकरीत असलेल्या तमिळ माणसाला एका झटक्यात परका केलं. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांचा करार झाला होता, तो भिक्खूंच्या दबावाखाली वर्षभरात फाडला. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशात तमिळ मुलांना जास्त मार्क लागायला लागले. १९८१ मध्ये जाफन्याची लायब्ररी जाळली, जवळजवळ ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रं, आणि जाळणारे पोलीस होते.

आणि या सगळ्या काळात तमिळ लोक मतदानच करत होते हो! १९७७ ला टीयूएलएफ हा तमिळ पक्ष वेगळ्या राज्याच्या मागणीवर लढला, १८ जागा मिळवून संसदेत मुख्य विरोधी पक्ष झाला. त्यातून काय मिळालं? म्हातारी वकील मंडळी संसदेत भाषणं करतायत आणि गावात पोलीस पोरांना उचलतायत, मग वीस वर्षांच्या पोराला बंदूक जवळची वाटणारच.

जुलै १९८३ च्या आधी लिट्टेत पन्नास माणसंही नव्हती. २३ जुलैला त्यांनी जाफन्यात १३ सैनिक मारले आणि मग कोलंबोत आठवडाभर जे झालं, मतदार याद्या हातात घेऊन तमिळ घरं शोधून जाळली, वेलिकडा तुरुंगात ५३ तमिळ कैदी मारले, त्यानंतर सगळ्या गटांपुढे पोरांच्या रांगा लागल्या. मेलेल्यांचा सरकारी आकडा चारशेच्या आत, तमिळ संघटना तीन हजारांपर्यंत सांगतात. लिट्टेला मोठं केलं ते त्या आठवड्याने.

सह्यकडा

पारिजात, तुमचं सगळं मान्य, एक अक्षर खोडणार नाही. बंड का झालं याचं उत्तर तुमच्या प्रतिसादात आहे. मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं, की बंड झाल्यावर ते कुठल्या वाटेने गेलं ते कोलंबोतल्या सरकारने एकट्याने ठरवलं नाही. जुलै ८३ नंतर पाचही गटांकडे पोरं आली, टेलोकडे आली, प्लोटकडे तर सगळ्यात जास्त. मग लिट्टेच का उरली? ती संख्येने मोठी नव्हती. ती बारीक चाळणी लावून माणसं घ्यायची, शिस्त जबर, दारू सिगारेट बंद, सुरुवातीला लग्नाला पण बंदी, आणि सगळे निर्णय एका माणसाच्या हातात. बाकीच्या गटांत चर्चा व्हायच्या, फूट पडायची (प्लोटने तर स्वतःच्याच पोरांना तमिळनाडूतल्या छावण्यांत मारलं). चर्चा करणारे गट हरले आणि न करणारा जिंकला, आणि जिंकलेल्याने पुढची २३ वर्षं चर्चा होऊ दिली नाही.

खानदेशी_विचार

यात आपल्या देशाचा वाटा पण लिहा की. १९८३ नंतर भारताने या गटांना ट्रेनिंग दिलं, हत्यारं दिली, तमिळनाडूत छावण्या होत्या हे आता लपलेलं नाही. एकाला न देता अनेकांना दिलं. हेतू काय असेल ते असो, पण परिणाम असा झाला की कोण दिल्लीच्या जवळचा यावरून गटागटात चुरस लागली. ज्याचा दाणापाणी बाहेरून येतो त्याला गावातल्या माणसाला विचारायची गरज राहत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिट्टेने लवकर ओळखलं की दिल्लीवर विसंबलो तर दिल्ली सांगेल तेव्हा थांबावं लागेल, म्हणून परदेशातल्या तमिळांकडून पैसा उभा केला, स्वतःची जहाजं घेतली. नंतर २००६-०७ मध्ये श्रीलंकेच्या नौदलाने किनाऱ्यापासून शेकडो मैल लांब खोल समुद्रात जाऊन ती हत्यारांची जहाजं बुडवली आणि तिथून युद्ध फिरलं.

फौजीचा_पोरगा

माझे वडील महार रेजिमेंटमध्ये होते, शांतिसेनेत जाफन्याला. आम्ही सातारकडचे. ते फार बोलत नाहीत त्याबद्दल पण जे थोडं सांगितलंय ते लिहितो.

जुलै-ऑगस्ट ८७ ला गेले तेव्हा लोकांनी हार घातले, बायका ओवाळायच्या. त्यांना सांगितलेलं की करार झालाय (२९ जुलैचा राजीव-जयवर्धने करार), गट शस्त्रं खाली ठेवतील आणि आपण फक्त देखरेख करायची. मग सप्टेंबरमध्ये लिट्टेचा तिलीपन नावाचा पोरगा पाण्याचा थेंबही न घेता उपोषणाला बसला, २६ तारखेला गेला आणि जाफना फिरलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या लिट्टेवाल्यांना कोलंबोला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी सायनाइड घेतलं, १२ जण मेले. त्यानंतर लढाईच. जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरलेले शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण, त्यातले २९ गेले. वडील म्हणतात आमच्या नकाशात गल्ल्याच नव्हत्या, आणि समोरच्या पोराला प्रत्येक बोळ माहीत.

२५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. परमवीर चक्र मिळालं. जन्म मुंबईचा त्यांचा, शाळा पण मुंबईतलीच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिलं.

पण वडिलांच्या मनात रुतून बसलंय ते वेगळंच. १९८९ ला आपण परत निघणार हे ठरलं तेव्हा तिथे ईपीआरएलएफचं प्रांतिक सरकार होतं, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री. आपण गेल्यावर लिट्टेपुढे टिकायचं म्हणून त्यांनी तमिळ नॅशनल आर्मी उभी करायला घेतली आणि पोरं मिळेनात म्हणून बसस्टॉपवरून, क्लासवरून उचलायला लागले. पंधरा सोळा वर्षांची पोरं. आयांनी कॅम्पच्या गेटवर येऊन आमच्या जवानांचे पाय धरले असं वडील सांगतात. आणि मार्च १९९० मध्ये शेवटचं जहाज निघालं, मागे ती पोरं राहिली, त्यांचं लिट्टेने काय केलं ते वडिलांना नंतर पेपरातून कळलं. हे सांगताना दर वेळी ते इथेच थांबतात.

मीनल_के

फौजीचा पोरगा, वाचून गलबलून आलं. वडिलांना नमस्कार सांगा.

एक विचारायचं होतं, शांतिसेना असताना श्रीलंकेच्या सरकारनेच लिट्टेला हत्यारं दिली असं ऐकलंय ते खरं आहे का?

सह्यकडा

हो मीनलताई, खरं आहे. राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांना भारतीय फौज लवकरात लवकर घालवायची होती, म्हणून १९८९ मध्ये त्यांनी लिट्टेशी बोलणी सुरू केली आणि हत्यारं पण दिली. जून १९९० मध्ये लिट्टेने पूर्वेकडची पोलीस ठाणी घेतली, कोलंबोच्या आदेशावरून शरण आलेले शेकडो पोलीस मारले. १ मे १९९३ ला प्रेमदासांनाही मारलं.

त्याच वेळी दक्षिणेत सिंहली तरुणांचं जेव्हीपीचं बंड चालू होतं (१९८७ ते ८९), भारतीय फौज आली याच रागावर पेटलेलं, आणि सरकारने ते भयानक पद्धतीने चिरडलं. गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की तीच जेव्हीपी पुढे निवडणुकांत उतरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा नेता दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे १९७१ ला आणि ८७ ला दोनदा बंदूक उचललेली संघटना मतपेटीने सत्तेवर आली. एकाच देशात दोन बंडखोर संघटना आणि दोन शेवट.

स्कारबरोकर

मी टोरांटोला राहते, स्कारबरोत. इथे श्रीलंकेतले तमिळ खूप आहेत, आमच्या शेजारच्या काकू जाफन्याच्या. एकत्र भाजी आणायला जातो, कधी त्या पुट्टू पाठवतात कधी मी थालीपीठ. बरीच वर्षं त्यांनी त्यांच्या भावाबद्दल एवढंच सांगितलं होतं की युद्धात गेला. मी समजून चालले की लष्कराने मारलं असणार. मग एकदा सहज बोलता बोलता म्हणाल्या, लष्कराने नाही, इयक्कमने (म्हणजे लिट्टेने) मारलं, तो टेलोत होता. १९ वर्षांचा. आणि त्याच घरात पुढे दर महिन्याला लिट्टेचे लोक वर्गणी मागायला यायचे, इथे, कॅनडात, आणि त्या द्यायच्या कारण आई अजून तिकडे होती. नाही दिले तर तिकडे कळतं ना.

आणि तरी मे २००९ मध्ये इथे हायवे अडवून लोक बसले होते (गार्डिनर एक्सप्रेसवे) त्यात त्या पण होत्या. मी विचारलं ज्यांनी भाऊ मारला त्यांचे झेंडे घेऊन कशाला बसलात. त्या म्हणाल्या मी झेंड्यासाठी नाही गेले, तिकडे माणसं मरतायत आणि त्या दिवशी रस्त्यावर दुसरा झेंडाच नव्हता.

सह्यकडा, तुमचा 'दुसरं कुणी उरलं नव्हतं' हा मुद्दा वाचला आणि काकूंचं हे वाक्य आठवलं म्हणून लिहिलं.

सह्यकडा

स्कारबरोकर ताई, तुमच्या प्रतिसादाने माझ्या धाग्यापेक्षा जास्त सांगितलं.

'दुसरं कुणी उरलं नव्हतं' यात एक नाव घेतो. डॉ. रजनी तिरणगामा. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. आधी लिट्टेला मदत केलेली, नंतर लष्कर, शांतिसेना, लिट्टे, बाकीचे गट, सगळ्यांचे अत्याचार त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले. २१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलवर घरी जाताना गोळ्या घातल्या. दोन महिने आधी, १३ जुलैला, टीयूएलएफचे अमिर्तलिंगम यांना कोलंबोत त्यांच्या घरी मारलं, भेटायला आलेल्या लिट्टेवाल्यांनी. त्याच महिन्यात उमा महेश्वरन गेला. १९९० मध्ये पद्मनाभा चेन्नईत. १९९९ मध्ये नीलन तिरुचेल्वम, जे नवीन घटनेचा मसुदा लिहीत होते. २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री कदिरगामर. हे सगळे तमिळ. तोडगा काढायला टेबलाला बसू शकतील अशी माणसं एकेक करून गेली.

आणि मुसलमानांचं तर वेगळंच. तेही तमिळ बोलणारेच. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना, सत्तर हजारांच्या वर, घराबाहेर काढलं. जाफन्यात तर दोन तासांची मुदत. त्याच्या दोन महिने आधी पूर्वेला कात्तनकुडीत मशिदीत नमाज चालू असताना गोळीबार.

खानदेशी_विचार

मात्र एक सांगतो, लिट्टेने नुसती मारामारीच केली नाही. उत्तरेत किलिनोच्ची या त्यांच्या मुख्य ठाण्यात त्यांची कोर्टं होती, पोलीस होते, बँक होती, ए-९ हायवेवर नाका लावून कर घ्यायचे. चोऱ्यामाऱ्या जवळजवळ बंद. आणि त्याच भागातल्या शाळेतल्या मास्तरांचा, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार कोलंबोचं सरकार देत होतं! दोन्ही सरकारं एकमेकांशी लढतायत आणि एकाच दवाखान्यात दोघांचा अंमल. मला हे वाचून खूप वेळ कळलंच नव्हतं.

सह्यकडा

बरोबर. लिट्टेला नुसतं दहशतवादी म्हणून सोडून दिलं की हा भाग दिसतच नाही. मात्र त्या राज्यात घरटी एक पोर द्यायचं होतं, शेवटी शेवटी तर शाळकरी मुलं, युनिसेफकडे हजारो नोंदी आहेत. कर द्या, पोर द्या, आणि मत मात्र देऊ नका.

'मत देऊ नका' हे शब्दशः आहे. नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत त्यांनी तमिळांना बहिष्कार घालायला लावला. महिंदा राजपक्षे दोन टक्क्यांहून कमी फरकाने जिंकले. उत्तरेत मतदान झालं असतं तर समोरचे उमेदवार विक्रमसिंघे आले असते असं बहुतेक सगळे मानतात. म्हणजे ज्या माणसाने पुढे लिट्टे संपवली त्याला निवडून यायला लिट्टेनेच मदत केली.

पारिजात_८२

मी सुरुवातीला जरा तावातावाने लिहिलं होतं. आता सगळं वाचल्यावर एक भर घालते, कारण बाहेरचं उदाहरण लावलं की सह्यकडा यांचा मुद्दा जास्त स्पष्ट होतो.

डिसेंबर २००४ ची त्सुनामी. एकाच लाटेने दोन यादवींना धडक दिली. इंडोनेशियात आचे, तिथे जीएएम नावाची संघटना १९७६ पासून लढत होती, लिट्टेची स्थापना पण १९७६ चीच. आचेत दीड लाखाच्या वर माणसं गेली. १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत करार झाला, जीएएमने स्वातंत्र्याची मागणी सोडली, ८४० हत्यारं जमा केली, बदल्यात स्वतःचे स्थानिक पक्ष काढायचा हक्क आणि तेल-गॅसच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा घेतला. २००६ च्या शेवटी त्यांचाच माणूस गव्हर्नर म्हणून निवडून आला.

श्रीलंकेत तीस हजारांच्या वर माणसं गेली, उत्तर-पूर्व किनारा उद्ध्वस्त. मदत वाटायला सरकार आणि लिट्टे यांची संयुक्त व्यवस्था जून २००५ मध्ये सही झाली, जेव्हीपी सरकारमधून बाहेर पडली, सुप्रीम कोर्टाने महत्त्वाची कलमं थांबवली. झालं. वर्षभरात परत युद्ध. इथे नुसती लिट्टे दोषी नाही हे मी ठासून सांगेन, कोलंबोला मदतसुद्धा वाटून घेता आली नाही. पण जीएएमच्या नेत्यांना आपल्या माणसांसमोर 'स्वातंत्र्य नको, स्वायत्तता चालेल' असं म्हणता आलं. लिट्टेत हे वाक्य कोण म्हणणार होतं? जो म्हणेल तो गद्दार ठरायचा.

फौजीचा_पोरगा

करुणाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

सह्यकडा

लिहितो, तेच राहिलंय. करुणा लिट्टेचा पूर्वेकडचा सेनापती. मार्च २००४ मध्ये हजारो पोरांसकट फुटला. कारण असं दिलं की मरायला पूर्वेची पोरं आणि वरच्या जागा सगळ्या उत्तरेच्या लोकांना. यात तथ्य होतंच. प्रभाकरनने टेलोशी केलं तेच केलं, एप्रिलमध्ये वेरुगल नदी ओलांडून हल्ला. करुणाने पोरांना घरी जा सांगितलं आणि स्वतः सरकारकडे गेला. पण या वेळी १९८६ सारखं झालं नाही, कारण आता फुटलेल्याला जायला जागा होती. त्याच्या माणसांनी लष्कराला लिट्टेचं सगळं दाखवलं. जुलै २००७ पर्यंत पूर्व गेली. २ जानेवारी २००९ ला किलिनोच्ची पडलं. मग तीनेक लाख माणसं मागे हटत हटत मुल्लिवायक्कलच्या वाळूच्या पट्टीवर कोंडली गेली, लष्कर 'नो फायर झोन' म्हणून जाहीर केलेल्या जागेत तोफा डागत होतं, आणि पळू बघणाऱ्यांवर लिट्टे मागून गोळ्या घालत होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने म्हटलं की शेवटच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक गेले असू शकतात. १८-१९ मे ला संपलं.

मीनल_के

रात्री एक वाजला वाचताना. झोप येणार नाही आता.

जाफन्याला आता जाता येतं का? सासऱ्यांचे एक मित्र शांतिसेनेत गेले होते तिकडे, त्यांच्या घरच्यांना ती जागा बघायची आहे असं ते नेहमी म्हणतात.

स्कारबरोकर

येतं मीनल. काकू मागच्या वर्षी जाऊन आल्या. लायब्ररी परत बांधलीये, पांढरीशुभ्र, त्या आत जाऊन बसल्या होत्या. घर मात्र त्यांना सापडलं नाही, फक्त विहीर सापडली.

फौजीचा_पोरगा

मीनलताई, चेन्नईहून पलालीला (जाफन्याचा विमानतळ) विमान आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून नागपट्टणम ते कांकेसनतुराई फेरी बोट सुरू झाली, पण हवामानामुळे मधे मधे बंद असते तेव्हा आधी चौकशी करा. शांतिसेनेचं स्मारक कोलंबोजवळ एक आहे आणि एक पलालीला. पलालीचं हाय सिक्युरिटी एरियात येतं त्यामुळे आधी आपल्या जाफन्याच्या कॉन्सुलेटला मेल टाकलेला बरा. मी वडिलांना न्यायचं म्हणतोय, ते अजून हो म्हणत नाहीत. तुमच्या ओळखीतल्यांचं ठरलं तर व्यनि करा, सोबत असेल तर कदाचित तयार होतील.